मरी कुठनं आली

बोरमाळच्या माणसांनी माझ्या भावाला शिवेवरच्या सागाला बांधलं, तेव्हा डॉक्टर कुलथे माझ्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. काच वर केलेली, मांडीवर पाण्याची बाटली. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. येत नव्हतं असं नाही. महिनाभर हा माणूस ते वाक्य पोटात घेऊन आमच्या डोंगरात हिंडत होता.

मी गोटीराम. सुरगाण्याहून आमच्या काळधोंड पाड्याला आणि तिथून पुढं बोरमाळला जीप चालवतो. भिका माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला गोट्या. पाड्यात भांडण झालं तर दोन्हीकडची माणसं त्याच्या ओट्यावर यायची, आणि तो दोघांनाही शिव्या घालून जेवायला बसवायचा. तो काय मोठा साधू नव्हता. मोहाची जास्त झाली की भागीवयनीचा मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचा.

आमच्या वरच्या पठारावर वाल्मीक शेठच्या पोल्ट्रीच्या शेड आहेत. शेठ निफाडकडचा. तिकडं त्याच्या द्राक्षबागा. तिकडच्या बंगल्यांना कोंबड्यांचा वास नको, म्हणून तो आमच्याकडं पाठवला. पाड्यातली निम्मी माणसं त्याच्या शेडवर, उरलेली हंगामात त्याच्याच बागेत. म्हणजे शेठ रागावला की चूल दोन्हीकडनं विझते. हे ध्यानात ठेवा, म्हणजे आम्ही इतके दिवस तोंड का शिवून होतो असं विचारणार नाही.

दोन हजार सहाच्या जानेवारीत शेडमधल्या कोंबड्या मरायला लागल्या. माना टाकायच्या, तुरे काळेनिळे पडायचे, सकाळी दार उघडलं की नुसता खच. डॉक्टर कुलथे आले. ते जनावरांचे सरकारी डॉक्टर. त्यांची सरकारी गाडी घाटात बसली होती म्हणून माझी जीप भाड्यानं घेतली. तोंडाला फडकं बांधून त्यांनी मेलेल्या कोंबड्यांच्या घशातून कापसाचे बोळे फिरवले, बर्फाच्या डब्यात भरले. शेडवर आमची पंचवीस-तीस माणसं कामाला होती, सगळ्यांनी पाहिलं. चोरून काहीच झालं नाही. परत येताना डॉक्टर म्हणाले, थंडीनं मेल्यात, बोभाटा करू नकोस.

थंडीनं मेल्यात म्हटल्यावर शेठच्या मॅनेजरनं मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या कोंबड्या पोती भरभरून कामगारांना वाटल्या. फुकट. आमच्याकडं कोंबडी देवाला लागते आणि पाहुण्याला लागते, घरच्यांच्या वाट्याला रस्सा येतो. त्या आठवड्यात पाड्यात पोरांनी तंगड्या नुसत्या चघळून टाकल्या. ज्या जिवंत होत्या त्या बायांनी आपल्या खुराड्यात सोडल्या. अंडी देतील म्हणून.

मग आमच्या गावठी कोंबड्या मरायला लागल्या.

पाड्याच्या सोमा भगतानं कौलाचे दाणे टाकले आणि सांगितलं की मरी आलीय, तिला शिवेबाहेर काढा. हे आमच्याकडं बापजाद्यांपासूनचं. घरोघरची चिंधी, मूठ मूठ नागली, आणि एक जिवंत कोंबडी टोपलीत घालायची. एका माणसानं उपाशीपोटी, ओल्या कपड्यानं ती शिवेपर्यंत न्यायची, मागं बघायचं नाही. शिवेपलीकडं शेजारच्या गावची माणसं उभी असतात. ती पहिल्यांदा विचारतात, कुठनं आली? नेणाऱ्यानं सांगायचं, आमच्या घरातनं आली, आमीच आणली. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. दुसऱ्यावर ढकलली तर मरी चिडते आणि माघारी फिरते, असं मानतात. मग पलीकडचा माणूस टोपली घेतो आणि त्यांच्या गावाच्या पुढच्या शिवेवर नेतो. तिथं पुन्हा तोच सवाल, तेच उत्तर. असं करत करत मरी गुजरातेत कुठंतरी जाते. तिथून कुठं जाते ते आम्ही कधी विचारलं नाही.

आमच्याकडून टोपली न्यायचा मान आमच्या घराचा. बाप गेल्यावर दादा न्यायचा. त्यानं नेली. बोरमाळकडून घ्यायला रावजी उभा होता. दोघं एकमेकांचे जुने दोस्त, निफाडच्या बागेत एकाच खोपटात राहायचे. रावजीनं विचारलं, कुठनं आली? दादानं मोठ्यांदा सांगितलं, आमच्या घरातनं आली, आमीच आणली. दोन्ही गावांनी ऐकलं.

रावजीच्या गावची पुढची शीव लांब, ऊन चढलं होतं, म्हणून टोपली एक रात्र त्याच्या अंगणात राहिली. त्याची धाकटी पोर सविता त्या कोंबडीला दाणे टाकत बसली. कोंबडी सुस्त होती म्हणून पोरीनं तिला मांडीवर घेतलं. सकाळी कोंबडी मेलेली होती. आठवड्यात सविताला ताप आला, श्वास लागला, ओठ निळे पडले. सुरगाण्याला नेली, तिथून नाशिकला. तिच्याही घशातून बोळा फिरवला. चादरीत गुंडाळून परत दिली ती माझ्याच जीपमधून आणली. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं.

त्याच दिवसांत टीव्हीवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या, आणि सरकारला एकदम आमचा डोंगर दिसला.

पांढरे सूट घातलेली माणसं टेम्पोतून उतरली. डोळ्यांना चष्मे, तोंडाला नळकांडी, पोरं रडायला लागली. ती घरात घुसली. खुराडी उपसली, माळ्यावर हात घातले, चुलीमागं लपवलेलं पिलूसुद्धा सोडलं नाही. मान धरायची, पिळायची, पोत्यात टाकायची. काही नीट पिळल्या जायच्या नाहीत, त्या पोत्यात फडफडत राहायच्या, मग पोतं जमिनीवर आपटायचे. भागीवयनीची एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. वयनी दारात आडवी झाली. एकानं तिला बाजूला ढकललं आणि कोंबडीला पंखाला धरून उचललं. दुसऱ्याचा बूट अंड्यांवर पडला. आत पिलं होती, चोच फुटलेली, अजून ओली. वयनी खाली बसून ती वेचत राहिली, जशी सांडलेली नागली वेचावी तशी.

गावाबाहेर खड्डा खणला होता. पोती टाकली, वर चुना, वर माती. माती बराच वेळ हलत होती.

शेठच्या शेडला कुणी हात लावला नाही. शेड तेव्हा रिकाम्या होत्या, धुऊन चुना मारलेल्या. आधीचा सगळा माल त्यानं केव्हाच संपवला होता, निम्मा आमच्या पोटात. आमच्या खुराड्यांना बंदी घातली त्याच पंधरवड्यात त्याच्या शेडमध्ये नवी पिलं आली.

बोरमाळलाही तेच झालं. तिथं डॉक्टर कुलथेंनी टेम्पोवरच्या भोंग्यातून सरकारचं निवेदन वाचलं. मी शेजारी उभा होतो. रोगाची सुरुवात काळधोंड पाड्यातल्या परसातल्या कोंबड्यांमध्ये झाली, असं ते म्हणाले. अंधश्रद्धेपायी आजारी कोंबडी हातानं एका गावातून दुसऱ्या गावात नेण्यात आली, आणि नेणाऱ्या इसमानं तसं सर्वांसमक्ष कबूल केलेलं आहे.

आता हे खोटं होतं का? नव्हतं. दादा शिवेवर तसं बोललाच होता. नंतर एका साहेबानं त्याला विचारलं होतं, तूच म्हणालास ना? दादा म्हणाला, म्हणालो, म्हणायचंच असतं. साहेबानं पहिला शब्द घेतला, बाकीचे सोडून दिले. सरकार खोटं बोललं नाही. ते सत्याला निम्म्यात कापून आमच्याकडचा तुकडा दाखवत होतं.

आम्हाला सगळं ठाऊक होतं. बोरमाळहून शेडवर कामाला जाणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण आमच्या ठाऊक असण्याला कोण कुत्रं विचारतं? सरकारनं म्हणावं लागतं. सरकारनं म्हटलं की सूर्य उगवतो.

त्या दिवशी परतताना मी घाटात जीप थांबवली आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, शेडचं नाव का नाही घेतलं? ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "गोटीराम, शेडचं नाव निघालं तर उद्या निफाडपर्यंतच्या सगळ्या पोल्ट्री बंद. किती घरं बुडतील त्यात. वरून सांगितलंय."

"आणि आमचं नाव निघालं तर?"

"तुमचं काय बंद होणार आहे?"

मी गियर टाकला. तेव्हाच त्याला दरीत ढकलायला हवा होता, असं भागीवयनी अजून म्हणते.

निवेदनानंतर बोरमाळच्या माणसांनी आमची वाट बंद केली. आमच्या पोरांना आश्रमशाळेच्या वाटेवर दगड मारले. सोमा भगताला धरून त्याच्या दाढीला आग लावली. रावजीनं निरोप पाठवला की भिकाला समोर आणा, मला त्याच्याशी बोलायचंय. आम्ही दादाला लपवलं. तो लपेना. म्हणाला, रावजीची पोर मेलीय, मी तोंड दाखवायला पण नको का जाऊ? ती पोर माझ्या खांद्यावर बसून जत्रेला आलेली हाय. वयनीनं त्याचं धोतर धरून ठेवलं. तो भल्या सकाळी मागच्या ओढ्यातनं निघून गेला, एकटा, हातात मूठभर तांदूळ बांधलेली पुरचुंडी. सुतकाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून.

त्यांनी त्याला शिवेवरच धरला.

मी डॉक्टरांना घेऊन बोरमाळच्या पुढच्या पळसखांब गावाला चाललो होतो, त्यांची पांढऱ्या सुटातली माणसं टेम्पोतून पुढं गेली होती. शिवेजवळ रस्त्यावर लाकडं टाकलेली. जीप थांबली तसं दोघांनी मला बाहेर ओढलं, एकानं मानेवर कोयता धरला. मग मला दादा दिसला. सागाला बांधलेला, तोंड फुटलेलं, एक डोळा बंद. शर्ट फाटून लोंबत होता. पायाशी तांदूळ सांडले होते आणि त्यावर माणसं उभी होती.

रावजी डॉक्टरांच्या काचेपाशी आला. हात जोडले. खरंच जोडले. त्याचे डोळे लाल होते, दारू होती, पण आवाज गावच्या सभेत बोलावा तसा. म्हणाला, "साहेब, हा म्हणतो मरी शेडवरनं आली. मंग त्या दिवशी शिवेवर का खोटं बोलला? तुमी शिकलेले. तुमी सांगा. शेडवरनं आली आसंल तर याला आत्ता सोडतो, पाया पडतो. कुठनं आली?"

दादानं एक डोळा उघडून जीपकडं पाहिलं.

डॉक्टरांनी काच दोन बोटं खाली केली. म्हणाले, "चौकशी चालू आहे. अधिकृतरीत्या मी काही बोलू शकत नाही."

आणि काच वर केली.

रावजी थोडा वेळ काचेत स्वतःकडंच बघत राहिला. मग वळला. त्यानं दादाचा उजवा हात दोरातून सोडवला, बुंध्यावर ताणून धरायला लावला आणि म्हणाला, ज्या हातानं दिली तो हात. पहिल्या घावात हाड तुटलं नाही. कोयता हाडात बसला, तो त्यानं पाय लावून काढला. दुसरा घाव खोडाला लागला. तिसऱ्यात हात कोपराखालून लोंबला आणि चौथा कुणी दुसऱ्यानंच घातला. मी ओरडत होतो का, मला आठवत नाही. दादा ओरडला नाही. गुरासारखा हंबरला, एकदाच, आणि दोरीत खाली बसला.

तेव्हा डॉक्टर उतरले. धावत गेले. स्वतःचा पट्टा काढून दादाच्या दंडाला आवळला, काठी घालून पिळला. सराईत हात. बोरमाळच्या माणसांना दरडावून बाजूला सारलं, मला हाक मारली, आम्ही दोघांनी दादाला उचलून मागच्या बाकावर टाकला. माणूस वाचवायची हिंमत होती त्याच्यात. वाक्य बोलायची नव्हती.

डॉक्टर मागं दादापाशी बसले, मी सुरगाण्याकडं जीप पळवली. मागून रक्ताचा वास पुढं येत होता. खाली पत्र्यावर रक्त वळणावळणाला इकडून तिकडं वाहत होतं. दादा शुद्धीवर होता. डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, हात गेला तर गेला. शिवेवर एकदा सांगा. नायतर मरी आमच्याच घरात राहील."

डॉक्टर म्हणाले, आधी दवाखान्यात पोचू.

घाटाच्या शेवटच्या वळणावर डॉक्टरांनी दादाच्या मानेला बोटं लावली, मग काढली. माझ्याकडं पाहिलं नाही. पट्टा सोडायला लागले. मी म्हणालो, राहू द्या पट्टा.

जीप वळवली.

डॉक्टरांनी विचारलं, कुठं निघालास? मी म्हणालो, शिवेवर. त्यांनी दाराला हात घातला. मी उजव्या हातानं स्टेअरिंग धरलं आणि मागं वळून डाव्यानं त्यांच्या नाकावर मारली. पुन्हा मारली. चष्मा फुटला. मग ते दादाच्या धोतराचा कोपरा नाकाला लावून बसून राहिले.

शिवेवर तोवर आमची माणसं जमली होती. कोयते, कुऱ्हाडी, गोफणी. दोन बोरमाळची आणि एक आमचं माणूस जमिनीवर पडलेलं, एकाचा कान फाटलेला. भागीवयनी सगळ्यांच्या पुढं. तिच्या हातात कोयता नव्हता. कोंबड्या झाकायचं रिकामं डालगं होतं, पांढऱ्या सुटवाल्यांनी रिकामं केलेलं. नवरा परत आणायला निघाली तेव्हा हाताला जे लागलं ते घेऊन आली असेल.

तिनं जीपमध्ये वाकून पाहिलं. दादाचे डोळे झाकले. रडली नाही. मी डॉक्टरांना कॉलर धरून खाली ओढलं आणि शिवेच्या दगडापाशी गुडघ्यावर पाडलं. वयनी आली, तिनं ते डालगं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाली, "धर. दोन्ही हातांनी धर. तुला हायेत दोन."

त्यांनी धरलं. नाकातून रक्त शर्टावर ओघळत होतं.

शीव म्हणजे शीव. टोपली समोर आली की पलीकडच्यानं विचारायचंच असतं. भांडण असो, खून असो. रावजी पुढं आला. कोयत्याला दादाचं रक्त वाळलं होतं.

"कुठनं आली?"

"हे बघा, तपासणीत असं..."

वयनीनं त्यांच्या पाठीत लाथ घातली. डालगं पडलं. तिनं उचलून पुन्हा ठेवलं.

"कुठनं आली?" रावजी म्हणाला.

"शेडमधून."

"कुणाच्या?"

"वाल्मीक शेठच्या. जानेवारीतच कळलं होतं आम्हाला."

मागच्यांना ऐकू गेलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्यांदा. तेव्हा डॉक्टर ओरडले. शेठचं नाव, शेडचं नाव, जानेवारी, सगळं. ओरडताना त्यांचा आवाज फाटला. महिनाभर दाबलेलं होतं, बाहेर येताना घसा सोलत आलं.

रावजीनं हळू विचारलं, "आणि माझ्या पोरीला काय झालतं?"

डॉक्टरांनी मान खाली घालायचा प्रयत्न केला. डालगं पडेल म्हणून घालता आली नाही.

"तेच."

रावजीच्या हातातला कोयता गळाला. तो जीपकडं गेला, दादाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कपाळ पत्र्यावर आपटायला लागला. कपाळ फुटलं तरी थांबेना. कुणी आवरलं नाही. मी तर कोयता उचलला होता. वयनी मध्ये आली. तिनं रावजीच्या केसांना धरून त्याला उभं केलं आणि म्हणाली, "रडायचं नंतर. टोपली तुला घ्यायची हाय. घे. आणि जिथनं आली तिथं नेऊन ठेव."

त्यानं डालगं डोक्यावर घेतलं. पुढच्या शिवेकडं गेला नाही. पठाराकडं वळला. मागं बघायचं नसतं, त्यानं पाहिलं नाही. पण त्याच्यामागं बोरमाळ होतं आणि बोरमाळच्या मागं काळधोंड होतं.

पुढचं सगळ्यांनी पेपरात वाचलं. आदिवासी जमावाचा पोल्ट्रीवर हल्ला. मी जीप फाटकावर घातली, दादा मागं असताना. मॅनेजर पळाला, त्याला पत्र्याच्या कुंपणात गाठला आणि बायांनी त्याला इतका मारला की तो अजून एका पायावर चालतो. नवी पिलं पिवळीधमक, मुठीएवढी. ती आमच्या माणसांनी मुंड्या पिळून मारली, अगदी सरकारनं दाखवलं होतं तशीच, आणि उरलेली शेडसकट पेटवली. किंचाळी पळसखांबपर्यंत ऐकू गेली म्हणतात. पिलांची काय चूक? काहीच नाही. भागीवयनीच्या पिलांची तरी काय होती.

पोलीस आले. बायांनाही सोडलं नाही. रावजी पळाला नाही, डालगं शेजारी ठेवून बसून राहिला होता. त्याला जन्मठेप झाली. मला तीन वर्षं. शेठला विम्यातून शेड नव्या मिळाल्या.

कोर्टात डॉक्टर कुलथेंना विचारलं की तुम्ही शिवेवर काय बोललात. ते म्हणाले, जिवाच्या भीतीनं बोललो, त्याला अर्थ नाही. रोगाच्या उगमाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, चौकशी चालू आहे. त्यांनी नवा चष्मा लावला होता. माझ्याकडं बघितलं नाही, पण भागीवयनी साक्षीला उभी राहिली तेव्हा त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, डोक्यापर्यंत, आणि मग त्यांनी केस नीट केल्यासारखं केलं.

मी सुटून आलो तेव्हा चौकशी चालूच होती. आता जीप जुनी झाली, मागच्या बाकाखालचा पत्रा मी बदललेला नाही. अधूनमधून लस द्यायला, मोजणीला, कसल्या तरी योजनेला साहेब येतात. भागीवयनीला लांबूनच गाडीचा आवाज कळतो. ती डालगं घेऊन शिवेच्या दगडापाशी जाऊन उभी राहते. नवा साहेब घाबरतो, मला विचारतो, ही बाई वेडी आहे का?

मी इंजिन बंद करतो. म्हणतो, साहेब, ती एकच गोष्ट विचारणार. ती सांगा, मग जीप पुढं जाईल.

आजवर एकाही साहेबाला मी पाड्यात नेलेलं नाही.